शेजारणीचे मऊ बूट

लीड्स, रविवार

आई,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते.

बाबांच्या अंत्यविधीच्या आदल्या दिवशी तू फोनवर म्हणालीस, "रोवेना, उद्या तरी माणसासारखी ये. ते चेटकिणीचं सोंग नको. लोक म्हणतात, पोरगी सैतानाला भजते."

वीस वर्षं मी काळे कपडे घालते, काळी लिपस्टिक लावते. सैतानाला भजायला मला सवड कुठली? दिवसभर इस्पितळात म्हाताऱ्यांची अंथरुणं बदलत असते. पण भांडले नाही. चेहरा धुतला, नाकातली कडी काढली, शेजारणीचा निळा ड्रेस आणि तिचेच मऊ बूट घातले.

चर्चमध्ये सगळे काळ्या कपड्यांत, मी एकटी निळी. मॉरीन आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जन्मभर काळं मिरवलं, आणि बाप गेल्यावर हिला रंग सुचला!" तू मान खाली घातलीस. 'मीच तिला सांगितलं होतं,' एवढंही म्हणाली नाहीस.

त्याचंही मला फारसं काही नाही. शेवटच्या वर्षी बाबांना दिसत नव्हतं. माझे ते जाड तळव्यांचे बूट जिन्यावर धडधडले, की ते हसून म्हणायचे, "आला आमचा डोमकावळा!"

त्या दिवशी मी शवपेटीपर्यंत चालत गेले, आणि पावलांचा आवाजच झाला नाही. मी आले होते, हे त्यांना कळलंच नसेल गं.

तुझ्या सांगण्यावरून माणसासारखी आलेली,
रोवेना