पान एकशे त्रेसष्ट

४ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमची कादंबरी पोचली. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस इतकं लिहितो, यावर आमच्या प्रकाशनगृहात कोणाचा विश्वास बसेना. वेलांट्या-उकार तेवढे बघ, असं बजावलंत. पण ते काम अगदी शेवटचं. आधी सांगाडा बघतात, मग भाषा, मग तपशिलांचा मेळ, आणि शेवटी छापील प्रुफातल्या चुका. दोर तपासायच्या आधी लिफ्टमधला आरसा कोणी पुसत बसतं का?

सांगाड्यात सातवं प्रकरण पोकळ आहे. दोन भावांवर दीडशे पानं, आणि थोरला लिफ्टखाली सापडून जातो ते अकरा ओळींत! तो प्रसंग बाबांचाच, हे मी ओळखलं. मी तेव्हा दोन वर्षांची. मला काहीच आठवत नाही. माझ्यासाठी तरी सविस्तर लिहा.

आई बरी आहे. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची पुतणी,
टिटवी

११ जून

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

मला वाटलं, तू चष्मा लावून शुद्धलेखन बघशील आणि मला मोकळं करशील. तू तर पायाच खणायला घेतलास! सोबत चार पानं आहेत. पंख्याखाली बसूनही घामाने कागद भिजला, म्हणून दोनदा उतरवली.

ते प्रकरण गाळलं तर? थोरल्याला परगावी नोकरीला धाडू, काय बिघडतं! आणि हे वहिनीच्या हाती पडू देऊ नकोस. लिफ्टच्या देखभालीचं पुस्तक लिहितोय, असं तिला सांगून ठेवलंय.

म्हाताऱ्याला सांभाळून घे.

तुझा काका

२ जुलै

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

भाषेवरचा हात फिरवून झाला. तुम्ही एरवी बोलता तसं लिहिता. त्या चार पानांत मात्र आभाळ काय फाटतं, काळ काय झडप घालतो! ते सगळं काढलं. काढल्यावर खाली काहीच उरलं नाही, आणि मला भीती वाटली.

आता तपशिलांचा मेळ. कोणाकडे काय, कधी, याचा मी तक्ता करते. पान एक्केचाळीसवर थोरला लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरण्याआधी फ्यूज काढून खिशात घालतो, म्हणजे वर कोणी लिफ्ट चालू करू शकणार नाही. ही त्याची रोजची शिस्त. मग पान एकशे त्रेसष्टवर लिफ्ट चालू कशी झाली? फ्यूज कोणाकडे होता?

आई आजही म्हणते की त्या दिवशी बाबा फ्यूज काढायला विसरले, निष्काळजीपणाने संसार उघड्यावर टाकून गेले. हा प्रश्न समासात पेन्सिलीने लिहिला आणि दोनदा खोडला. तरी विचारतेच.

टिटवी

९ जुलै

चि. टिटवी,

फ्यूज माझ्याकडे होता.

उकाड्याने दादाने सदरा काढून ठेवला होता. उघड्या अंगाने उतरताना फ्यूज माझ्या हातात दिला, जपून ठेव म्हणाला. चौथ्या मजल्यावरून मुकादम माल अडलाय म्हणून शिव्या घालत होता. खालून ठोकण्याचा आवाज थांबला. दादा वर आला असं समजून मी फ्यूज बसवला. आवाजावरून मशीनचं दुखणं ओळखणारा म्हणून लोक मला नावाजतात. त्या दिवशी मी कान दिला, डोळे दिले नाहीत.

चौकशीत विचारलं तेव्हा गप्प राहिलो. मी विशीतला, घरात तू आणि वहिनी, कमावता मी एकटाच उरलेला, असं स्वतःला समजावलं. एकतीस वर्षं वहिनी मेलेल्या माणसाला बोल लावते आणि मी समोर बसून मान हलवतो. तिने दार लावलं तर माझं म्हणायला कोणी नाही गं.

पान नव्याने लिहून पाठवतोय. छापायचं की फाडायचं, तू ठरव.

काका

२० ऑगस्ट

ती. काका,

पान फाडलं नाही. प्रूफ आलंय. या टप्प्यावर फक्त छपाईच्या चुका सुधारतात, गोष्ट बदलत नाहीत. तुमच्यावर रागवायचं की तुमच्यासाठी रडायचं, माझं अजून ठरत नाही.

गेल्या आठवड्यात सोमवारी प्रूफ घरी टेबलावर राहिलं आणि आईने वाचायला घेतलं. मी हिसकावून घेऊ शकले असते. घेतलं नाही. ती दिवसाला दहा पानं वाचते, बोट ठेवून. आज एकशे तेविसावर आहे. मघाशी म्हणाली की या पुस्तकातला थोरला किती जपून वागतो, आमच्या घरात असा असता तर!

पत्र तुम्हाला परवा मिळेल. मिळेल त्या गाडीने निघा. तिला ते तुमच्या तोंडून कळू दे.

टिटवी