न पाहिलेला शेवट

काँकार्नो, ९ नोव्हेंबर १९८६

चि. नोएमीस अनेक आशीर्वाद.

‘दोन खुर्च्या’ या सिनेमावर तू पेपरातल्या सदरात जे लिहिलंस, ते पावाच्या दुकानात मोठ्यानं वाचलं गेलं. दोन बायका दीड तास मटार सोलतात आणि सिनेमा सुरू झाला तसाच संपतो, यावर सगळे खो खो हसले. भाचीचं कौतुक म्हणून मीही हसले. कारखान्यापासूनची माझी सोबतीण मारिआनिक म्हणाली, नोएमीच सांगतेय तर कशाला जायचं पाय दुखवायला? मग मी एकटीच गेले. थिएटरात आम्ही सातजण.

पण पोरी, शेवट तसा कुठे आहे? मैत्रिणीची पत्रं आपणच जाळली, असं एकजण कबूल करते, आणि दुसरी उठून निघून जाते. हे लिहायला तू विसरलीस का?

बुधवारी सिनेमा उतरला. तब्येतीला जप.

तुझी बेर्तमावशी

पॅरिस, १४ नोव्हेंबर

ती. बेर्तमावशीस सा. न.

विसरले नाही गं, पाहिलाच नाही. एका प्रकाशकाकडे जेवायला जायचं होतं म्हणून चाळीस मिनिटांत उठले. दारात दिग्दर्शिका उभी होती. तिचा हा पहिलाच सिनेमा. बरं वाटत नाही का, असं तिनं विचारलं. डोकं दुखतंय अशी थाप मारली, तर तिनं पर्समधून गोळी काढली, पाणी आणून दिलं. ती गोळी मी तिच्यासमोर गिळली आणि सकाळी माहितीपत्रकावरून लेख खरडला. आणखी तिघा समीक्षकांनी माझंच वाक्य फिरवून छापलं.

आता कबुली लिहून दिली आहे. संपादक म्हणाले, वेडी आहेस का, वाचक आठवड्यात विसरतात. छापलं तर तुझं सदर बंद. छापाच म्हटलं. मारिआनिकमावशीला काय तोंड दाखवू?

तुझ्या रागालाही पात्र नसलेली,
नोएमी

काँकार्नो, २१ जानेवारी १९८७

चि. नोएमीस आशीर्वाद.

सदर गेल्याचं कळलं. त्या दिग्दर्शिकाबाईंनी तुझ्या माफीपत्राला उत्तर दिलं नाही म्हणून रडत बसू नकोस. माफी मागणं तुझं काम. द्यायची की नाही, ते त्यांनी ठरवायचं.

तुझी कबुली वाचून आमच्या पाद्रीबाबांनी रविवारी दुपारी चर्चच्या सभागृहात तो सिनेमा लावला. मारिआनिकला मी ओढूनच नेलं. परतताना ती बंदरावर थांबली. म्हणाली, चोपन्न साली सार्डिन माशांच्या कारखान्यातून तुला काढलं ना, संपाची पत्रकं तू वाटलीस हे मुकादमाला मीच सांगितलं होतं. बत्तीस वर्षं, नोएमी! त्यातली कितीतरी वर्षं तिच्याच घरी जेवले मी.

तीन दिवस मी तिला दार उघडलं नाही. रोज येते, दोनदा टकटक करते आणि जाते. पहिले दोन दिवस राग होता. आज ती पायरीवरच बसून राहिली आहे, आणि स्वतःहून खरं बोललेल्या बाईला बाहेर ठेवल्याची आता माझीच मला लाज वाटते. आज हवा बोचरी आहे. पत्र इथंच थांबवते, दार उघडायला जायचं आहे.

तुझ्यावर तितकीच माया असलेली,
बेर्तमावशी