चारही टायर एकदम

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय सत्तेचाळीस, अविवाहित, पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुने गोळा करण्याच्या कामावर, असे लिहून ठेवते की माझी शुद्ध आणि स्मरण शाबूत आहे, माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही आणि शेजारी बसून मजकूर सांगणारेही कोणी नाही. येत्या सोमवारी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, साधं काम आहे. माझ्या गाडीच्या बाबतीत हे वाक्य मी बरेचदा ऐकलेले आहे, म्हणून आज मंगळवारीच लिहायला बसले.

कलम एक. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. डायऱ्या मात्र पंचवीस वर्षांच्या आहेत. त्यांतला कोणताही मजकूर माझी इच्छा म्हणून वाचू नये. रागात लिहिलेले बरेच आहे.

कलम दोन. वकीलबाईंनी साक्षीदारांविषयी जे सांगितले ते माझ्या शब्दांत असे: ज्याला या कागदातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही; केली तर त्याचा वाटा गेला. माझा मेकॅनिक, ज्याला सगळे उस्ताद म्हणतात, त्याला मी जॅक आणि पान्यांचा संच ठेवणार होते. पण साक्षीला मला तोच हवा, कारण न वाचता सही न करणारा माणूस माझ्या ओळखीत तो एकटाच. म्हणून जॅक आणि पाने काल जिवंतपणीच त्याच्या दुकानात नेऊन दिले.

"काय ताई, गाडी विकली?"

"गाडी ठीक आहे. मालकीण दुरुस्तीला निघालीय."

कलम तीन. वरच्या चढावरचे माझे दोन खोल्यांचे घर भाचीला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाच्या मुलीला द्यावे. बापावरचा राग मुलीवर काढू नये एवढे मला कळते. तिने घर विकले तरी चालेल, फक्त खालच्या मजल्यावरच्यांना विकू नये. अठरा वर्षे त्यांनी माझ्या गाडीच्या जागेत स्कूटर लावली आणि दरवेळी "अय्या, तुमची गाडी इथे असते का?" असे विचारले.

कलम चार. नमुन्यांची पेटी प्रयोगशाळेला परत करावी. साहेबांनी माझ्या शोकसभेत बोलू नये. ज्या एकेचाळीस झऱ्यांचा अहवाल त्यांच्या नावाने छापला गेला, त्यांतला एकही त्यांनी पाहिलेला नाही. ऑफिसची जीप पहिल्याच चिखलात रुतायची. मग साहेब म्हणायचे, "बाई, तुमचं ते भांडं घेऊन जा ना, त्याला जमतं." भांडं म्हणजे माझी गाडी. भांड्याला जमायचे. पण भांड्याचे नाव अहवालात नाही आणि माझेही नाही.

कलम पाच. माझ्या मोठ्या भावाला, दादाला, माझ्या मालमत्तेतले काहीही मिळू नये. कारण लिहिण्याची कायद्याला गरज नाही, पण मनाला येईल तसे वगळले असे कोणी म्हणू नये म्हणून लिहिते. नऊ वर्षांपूर्वी बाबा माझ्याकडे राहत होते. मी शहरात बैठकीला बसने गेले होते, गाडी घरी होती, दादा बाबांना भेटायला आला होता. दुपारी बाबांना श्वास लागला. दादा त्यांना माझ्या गाडीत घालून दवाखान्याकडे निघाला. मधल्या चढावर जळका वास आला, धाडकन आवाज झाला आणि गाडी जागीच थांबली. दुधाची गाडी येईपर्यंत चाळीस मिनिटे गेली. बाबा तेवढे थांबले नाहीत.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी त्याला सगळ्यांदेखत विचारले, "अकरा वर्षं ही गाडी मला एकदाही सोडून गेली नाही. तुझ्या हातात एका दुपारी गेली. असं काय चालवलंस तू?"

"नेहमीसारखीच चालवली गं."

"नेहमीसारखीच," मी म्हणाले. "म्हणूनच बाबा गेले."

वहिनी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "वन्सं, पुरे." मी पुरे केले नाही.

दादा पहिल्यापासून आडदांड. क्लचवर पाय ठेवून चालवतो, गिअर ढकलतो. त्या दिवसानंतर त्याने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. दोन बस बदलून कामावर जातो. हा मी त्याच्या अपराधाचा कबुलीजबाब समजत आले आहे.

कलम सहा. (बुधवार.) गाडी. चारही चाकांना जोर देणारी, बुटकी, लांब डिकीची वॅगन. रंग मुळात हिरवा. वय वीस, तीन लाख चार हजार किलोमीटर. तीही भाचीला द्यावी. ती मला म्हणते, "आत्या, ही गाडी नाही, तुझं लग्न आहे." असेल. निदान नोंदी तरी नीट ठेवल्या. तिच्यासाठी सूचना:

थंड सकाळी किल्ली फिरवल्याबरोबर निघू नये, तापमानाची सुई जागेवरून हलू द्यावी. पहिले दोन किलोमीटर दुसरा गिअर कुरकुरतो. त्याच्याशी भांडू नये, तो आपल्या मनाने पडतो. ओल्या वळणावर आत शिरण्याआधी वेग कमी करावा आणि वळणात पाय हलका ठेवून ओढ चालू ठेवावी. मग मागची चाके पाठीला हात लावल्यासारखी ढकलतात आणि गाडी रस्ता सोडत नाही. एवढा भरवसा मला माणसांचा क्वचित वाटला. मात्र चारही चाके ओढतात म्हणून ती लवकर थांबते असे नाही. ब्रेक चारचौघींसारखेच आहेत, उतारावर शहाणपणा करू नये. इंजिन तेल पिते. दर हजार किलोमीटरला तपासावे. डावीकडच्या मागच्या दाराची काच खाली केली की वर येत नाही. डिकीत काहीतरी खडखडते. शोधू नये, मी सात वर्षे शोधले.

टायर चारही एकदम बदलावेत. एकच नवा कधीही घालू नये. एक नवा आणि तीन झिजलेले असले की चाके सारखी फिरत नाहीत. मग पुढच्या आणि मागच्या चाकांत जोर वाटून देणारा मधला सांधा सतत घासत राहतो, तापतो आणि एक दिवस जळतो.

ही सूचना कोणत्या अनुभवावर आधारलेली आहे त्याची तारीख द्यावी, म्हणून जुनी डायरी काढली.

कलम सात. (गुरुवार.) बाबा गेले त्याच्या पाच आठवडे आधीची माझी नोंद जशीच्या तशी: "झऱ्याच्या वाटेवर पुढचा उजवा टायर फाटला. हमरस्त्यावर नवा घातला. टायरवाला म्हणाला, बाई, या गाडीला चारही घाला. म्हटलं, बाकीचे तीन वर्षभर जातील, चांगली वस्तू फेकायची नाही, एकच द्या. विकायला काहीही सांगतात." दोन आठवड्यांनंतर: "वळणावर मागून गुरगुर. रस्ता फारच खराब झालाय." त्यानंतर: "गुरगुर आहेच. सवय होईल."

आज सकाळी उस्तादच्या दुकानात गेले. तो एका गाडीखाली झोपला होता. त्याच्या पायांना विचारले, "बाबा गेले तेव्हा गाडी ओढून तुमच्याकडे आणली होती. काय जळलं होतं?"

"मधला सांधा. एकच टायर नवा होता ना. सांगितलं होतं की तुम्हाला."

"मला?"

तो बाहेर सरकला. "तुम्हालाच, ताई. इथंच उभ्या होतात. म्हटलं, कोणीही चालवली असती तरी त्या आठवड्यात गेलीच असती. तुम्ही म्हणालात, आता बोलून काय उपयोग. मी म्हटलं, दुःखात आहेत. गप्प बसलो."

घरी येऊन, तेव्हा उस्तादकडे गेले होते त्या तारखेचे पान उघडले. कोरे आहे. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा मी दीड पान लिहिलेले आहे. पंचवीस वर्षांत कोरे पान हे एकच. मी खरोखर विसरले होते, की विसरता यावे म्हणून लिहिले नाही, हे मला आज प्रामाणिकपणे सांगता येत नाही. विसरले होते असे लिहिणारच होते. पण त्यानंतरच्या नऊ वर्षांत मी दोनदा टायर बदलले आणि दोन्ही वेळा न विचारता चारही बदलले. म्हणजे हातांना माहीत होते. फक्त तोंडाला माहीत नव्हते, आणि तोंडाने दरवर्षी भाचीच्या वाढदिवसाला फोन करून "फोन बापाला देऊ नकोस" एवढेच सांगितले.

कलम आठ. कलम पाच रद्द. ते खोडत नाही, कारण मी काय लिहून बसले होते ते दादाला वाचता आले पाहिजे. गाडी भाचीऐवजी दादाला द्यावी. गाडी देऊन काय भरून निघते ते मला ठाऊक नाही. हेही नोंदवते की हे सगळे त्याला माझ्या मागे कळेल अशी मी सोय करते आहे, कारण मेलेल्या माणसाला कोणी उलट विचारत नाही. ही सोय मला आवडली होती.

कलम नऊ. (शुक्रवार.) उस्तादला सही करायला बोलावले. त्याने बोट फिरवत सगळी पाने वाचली आणि पेन खाली ठेवले.

"सही करतो, ताई. पण ऑपरेशन साधं आहे म्हणता. म्हणजे तुम्ही आणखी तीस वर्षं जगणार. तोवर त्यांनी बसनंच जायचं?"

"मग काय करू?"

"किल्ली कुठंय?"

कलम दहा. हे दादाच्या फाटकाबाहेर, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहीत आहे; उस्ताद बरोबर आला आहे. बॉनेट गरम आहे, अक्षर हलले तर त्यामुळे. दादा बाहेर आला, गाडी पाहून फाटकातच थांबला. मी कागद पुढे केला. त्याने चष्मा मागवून सगळे वाचले, कलम सात दोनदा. मग वाकून पुढचा उजवा टायर पाहिला.

"नऊ वर्षं तो चढ मी रोज चालवतोय," तो म्हणाला. "बसमध्ये बसून. गिअर कुठे चुकला, पाय कुठे जास्त पडला. रोज. आणि तू म्हणालीस, बोलून काय उपयोग."

मी माफी मागितली. तोच शब्द वापरला, दुसरा नाही.

"ते असू दे. पेन आण."

"दादा, तू सही केलीस तर तुला गाडी मिळत नाही."

"वाचता येतं मला. कलम दोन. तुझं भांडं मला नको. पोरीला दे, आणि टायरचं नीट सांग तिला. पण हे तू लिहिलंस आणि मी वाचलं, एवढं कुठेतरी राहू दे."

वहिनी दारातून म्हणाली, "चहा टाकू का?"

"नको," दादा म्हणाला. "निघालीय ती."

सबब कलम आठमधली गाडीची वाटणी रद्द. गाडी, कलम सहामधल्या सूचनांसह, भाचीला. म्हणजे कलम पाचमध्ये मी जे ठरवले होते तेच शेवटी झाले, दादाला काही नाही. फक्त ठरवणारा बदलला. यापुढे या कागदात मी काही वाढवणार नाही.

लिहून देणार: सही. सहा पाने, प्रत्येक पानावर.

ठिकाण: वर लिहिल्याप्रमाणे, रस्त्यावर.

दिनांक: अठरा, शुक्रवार, दुपारी साडेचार.

साक्षीदार पहिला: सही. मेकॅनिक. सर्व पाने वाचली. गाडीचा दोष व कारण कलम सातप्रमाणे बरोबर आहे.

साक्षीदार दुसरा: सही. लिहून देणारीचा सख्खा मोठा भाऊ. सर्व पाने वाचली. गाडी मी नेहमीसारखीच चालवली होती.