शनिवारचे पट्टे

सर, तुमचा मुलगा चहा न पिताच कप खाली ठेवतो आणि विचारतो, "बाबांची माकडं बरी झाली होती ना?" क्रांती चौकाजवळची माझी खोली, शनिवारची दुपार. त्याचा उपास आहे. हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेल्यापासून त्याला दम पुरत नाही. कुठल्याशा दवाखान्यात हृदयात मूळपेशी टोचून देतात म्हणे. सोमवारी दाखल व्हायचं आहे. तुम्ही जेवताना घरात जे सांगायचात, ते त्यानं अजून खरं धरलं आहे. "तुम्ही त्यांच्या हाताखाली होता, ताई. एकदा हो म्हणा, म्हणजे मी जातो."

प्रयोगशाळेत आपण माकडाच्या हृदयाची एक रक्तवाहिनी बांधून टाकत असू. स्नायूचा तेवढा भाग मेला की तिथं वाढवलेल्या पेशी टोचायच्या. पेशी जगल्या. हृदयाला जोरही आला, ते मी नाकारत नाही. पण नव्या पेशी आपल्याच तालात धडधडू लागल्या. छातीला बांधलेल्या पट्ट्याच्या आलेखात ते दिसत होतं: मध्येच ठोक्यांची झुंबड, मग थबकणं. मी आलेख समोर धरला तेव्हा सगळे होते. तुम्ही तो पाहिलाही नाहीत. "पट्टा ढिला बांधलास. गावाकडं, लासूरला, शेतात माकडं हाकायची सवय तुझी. इथं हाकायची नसतात, मोजायची असतात." सगळे हसले. "पट्टा घट्ट व्हता, सर." "व्हता नाही, होता," तुम्ही म्हणालात. पुन्हा हसले.

शनिवारी मात्र तुम्ही पट्टे काढायला लावायचात. मारुतीचा वार. त्या दिवशी माकडांच्या अंगाला यंत्र नाही, सुई नाही. तुम्ही अनवाणी पिंजऱ्यांपुढून फिरत केळी द्यायचात, हात जोडायचात. मला ते आवडायचं. आमच्याकडंही शनिवारी माकडाला कुणी दगड मारत नाही. कान फाटलेली मादी अशाच एका शनिवारी गेली, केळ हातात धरून. पट्टा नव्हता, म्हणून तिच्या शेवटच्या ठोक्यांचा आलेख नाही. तुम्ही म्हणालात, "शनिवारी गेली. भाग्यवान." अहवालात मात्र आदल्या दिवशीच्या भुलीचा परिणाम असं लिहिलंत. भूल मी दिली होती. सोमवारी पिंजऱ्यांच्या किल्ल्या माझ्याकडून काढून घेतल्यात. पुढं कुठल्याच प्रयोगशाळेनं मला आत घेतलं नाही. सगळीकडं तुमचा शब्द माझ्याआधी पोचलेला असायचा.

तुमचा मुलगा वाट बघतो आहे. माझ्याकडं एक मऊ उत्तर आहे: हा उपचार अजून कच्चा आहे, घाई करू नका. तेवढ्यानंही तो थांबला असता. मी त्याला सगळं सांगितलं. आलेख, पट्टा, भूल, आणि तुमचं ते 'भाग्यवान'. त्यानं निवलेला कप बाजूला सरकवला. "शनिवार मोडला नाही त्या माणसानं कधी. आणि ते खोटं बोलले म्हणता?"

"व्हय," मी म्हणाले. दुरुस्त करायला कुणी नव्हतं.

त्याचा जीव वाचावा म्हणून बोललीस का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणेन. तुम्हाला तसं सांगणार नाही. त्याचा चेहरा तुमचाच आहे. तो उतरत गेला तेव्हा मी नजर हटवली नाही. हा कागद उद्या त्याच्याकडं पाठवावा, तुमच्या हार घातलेल्या फोटोखाली ठेवायला सांगावं, असं लिहायला बसताना मनात होतं. पाठवणार नाही. त्यात पुढच्या ओळी आहेत, आणि त्या त्यानं वाचायला नकोत. खाली, रस्त्याला लागूनच चहाचं हॉटेल आहे. तिथं भेटता आलं असतं. दम लागतो हे त्यानं फोनवर सांगितलं होतं, तरी मी त्याला दोन जिने चढू दिले.

रविवारी सकाळी त्याचा फोन आला. दाखल होणं रद्द केलं म्हणाला. मग विचारलं, त्या मादीला जाताना त्रास झाला होता का. सांगता यायचं नाही, मी म्हणाले. पट्टा काढलेला होता.