पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा

४ फेब्रुवारी २०१९, सोमवार
कंपनीची बैठक. आमच्या दूध उत्पादक कंपनीचा वार्षिक आराखडा, ती सोसायटी होती तेव्हापासून, सलग एकोणीस वर्षे माझ्याच हस्ताक्षरात होत आला आहे. यंदा अध्यक्ष शहादेव म्हणाला, आराखड्यात टेक्नॉलॉजीचं प्रकरण पाहिजे. मी म्हटले, तंत्रज्ञानाचे. तो म्हणाला, तेच ते. तेच ते नव्हे. परंतु तेवढ्यात चहा आला.

योजना अशी. दुष्काळामुळे मुरघासाची, म्हणजे मुरवलेल्या ओल्या चाऱ्याची, गाडी केव्हा येईल याचा नेम नाही. म्हणून तीनशे बारा सभासदांना यंत्राद्वारे एकाच वेळी फोन जाईल आणि आपल्यातीलच एकाच्या आवाजात निरोप ऐकू येईल. मार्चअखेरपर्यंत ट्रायल. पुढे वर्षभर निरोप कोण सांगणार, त्याचे नाव आराखड्यात लिहायचे. ते नाव मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. पेनने लिहिले असते तरी चालले असते.

५ फेब्रुवारी, मंगळवार
मॅनेजर बिभीषण सांगून गेला की ट्रायलसाठी आवाज दोन आहेत. दुसरा म्हाळूचा.

म्हाळू मेंढपाळ. दोन म्हशी पाळल्या म्हणून सभासद झाला. मी शिकवीत असे त्या वर्गात होता. बहात्तरच्या दुष्काळात तिसरीतून उठला आणि कळपामागे गेला तो परतला नाही. तिसरी नापास म्हणता येत नाही, कारण परीक्षेस बसलाच नाही.

मला वाईट वाटले नाही. स्पर्धेस प्रतिस्पर्धी लागतोच.

१२ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी ७
माझा पहिला निरोप गेला. मजकूर: “सन्माननीय सभासदहो, अपरिहार्य कारणास्तव मुरघासाचे वाहन विलंबाने येत असून सभासदांनी कृपया प्रतीक्षा करावी.” एकाच वाक्यात सर्व काही. विरामचिन्हेसुद्धा ऐकू येतात.

त्याच दिवशी, सायंकाळी
चाळीस-पन्नास माणसे भर उन्हात जनावरांसह दूध केंद्रावर चार तास उभी होती. निरोपाचा असा परिणाम आजवर पाहिला नव्हता.

कडूबाई मात्र थेट घरी आली. म्हणाली, “गुरुजी, प्रतीक्षा तर आष्टीला दिली. ती हितं येऊन काय करील?” प्रतीक्षा हे तिच्या नातीचे नाव आहे. सकाळीच नातीला फोन करून कंपनीने बोलावले आहे असे कळवले. ती बिचारी एस.टी.त बसली देखील. मी कडूबाईस प्रतीक्षा या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. ती म्हणाली, “ते हाय, पर गाडी कदी येनार?”

अपवादाने नियम बदलत नाही.

१८ फेब्रुवारी, सोमवार
म्हाळूचा निरोप. जसाच्या तसा टिपला: “राम राम. म्या म्हाळू. गाडीला लई येळ हाय. पाच वाजता या. जनावरं घरीच ऱ्हाऊ द्या, उन्हात आनू नका.” एवढ्याशा मजकुरात सहा चुका. ‘राम राम’ शुद्ध.

चुका निसटू नयेत म्हणून निरोप पुन्हा ऐकला. तीन वेळा.

दुपारी केंद्रावर शुकशुकाट. पाच वाजता सगळे हजर. योगायोग.

२६ फेब्रुवारी, मंगळवार
म्हाळूचा दुसरा निरोप. मागे मेंढी ओरडली. तो मधेच थांबून तिला “गप बे” म्हणाला आणि पुढे बोलू लागला. गीताबाई पोटभर हसली. आमच्या लग्नाला एकावन्न वर्षे झाली. माझ्या एकाही वाक्यावर ती अशी हसलेली स्मरत नाही. मी विचारले, यात हसण्यासारखे काय? म्हणाली, “कावून हसू नये? माणूस बोलल्यासारखं वाटतं.”

मी माणूस नाही काय, हे विचारले नाही. प्रश्न व्याकरणदृष्ट्या सदोष ठरला असता.

निरोप पुन्हा चार वेळा ऐकला. मेंढीमुळे एक क्रियापद निसटत होते.

५ मार्च, मंगळवार
माझ्या निरोपात सुधारणा केली. ‘कृपया’ऐवजी ‘कृपापूर्वक’. केंद्रावर पुन्हा गर्दी. त्यात बंकट होता, तो म्हणाला, “गुरुजी, तुमचं लई भारी असतंय, कळत न्हाई पर भारी असतंय.” पहिला भाग टिपून ठेवतो.

१२ मार्च, मंगळवार
म्हाळूचा तिसरा. पुन्हा चार वेळा. आता ‘येळ’ कानाला पूर्वीइतका खुपत नाही, ही माझ्या श्रवणशक्तीची झीज असावी. डॉक्टरांस दाखवणे.

संकल्प: म्हाळूविषयी यापुढे या वहीत एक अक्षरही लिहिणार नाही.

१३ मार्च, बुधवार
दूध केंद्रावर बायका म्हाळूला पुढे बसवून चहा देत होत्या. मला “या गुरुजी” म्हणाल्या, पण कप एकच होता.

२० मार्च, बुधवार
आनंदाचा दिवस. बिभीषणने ट्रायलचा रिपोर्ट आणला. प्रत्येक निरोपाच्या शेवटी यंत्र सांगते, पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा. माझे निरोप पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबणारे दोनशे चौदा सभासद. म्हाळूचा एकूण आकडा अकरा.

दोनशे चौदा जणांना एकदा ऐकून समाधान झाले नाही.

बिभीषण म्हणू लागला, “गुरुजी, या आकड्याचा अर्थ असा की...” मी त्यास थांबवले. अर्थ मला सांगण्याची आवश्यकता नाही. अडतीस वर्षे वर्गात मीच अर्थ सांगितला.

म्हाळूची जरा दया आली. ते अकरा रसिक कोण असतील बरे?

उदारपणे ठरवले: विजयी होईपर्यंत त्याचे निरोप ऐकणार नाही. फोन गीताबाईकडे दिला.

२५ मार्च, सोमवार
‘तंत्रज्ञान’ हे प्रकरण पूर्ण. सव्वीस पाने. पहिली नऊ शब्दाच्या घडणीवर. अखेरीस दोनशे चौदा हा आकडा चौकटीत. पेन्सिलीवर पेन फिरवले.

२८ मार्च, गुरुवार
वार्षिक सभा. प्रकरण वाचले. नववे पान संपण्याच्या सुमारास पंखा बंद पडला, तरी वाचले. चौकटीतला आकडा दोनदा वाचला.

शहादेवने बिभीषणला विचारले, एवढे लोक पुन्हा का ऐकतात? बिभीषण माझ्याकडे पाहत हळूच म्हणाला, पहिल्या खेपेला कळलं नाही म्हणून. ते बटन त्याच्यासाठीच असतंय. मागून कोणी तरी म्हणाले, “म्या तर पाच डाव दाबलं, तरी बी गाडीचं न्हाई कळलं.” हशा. कडूबाई सर्वांत मोठ्याने.

मी उभाच होतो. म्हणालो, मग म्हाळूचेही अकरा जणांना कळले नाही, हे सभेने नोंदवावे.

बिभीषणने कागद उलटला. म्हणाला, अकरा जण नाहीत, अकरा वेळा; नंबर एकच आहे. आणि मी डोळ्यांनी खूण करीत असताना त्याने शेवटचे चार आकडे वाचले. बायकांच्या रांगेतून गीताबाई म्हणाली, “ह्यो तर आमचाच की.”

त्यानंतरच्या हशाचे वर्णन करीत नाही.

म्हाळू हसला नाही. टोपी काढून पुढे आला. म्हणाला, “गुरुजी, शाळेत तुमी माजं एक वाक्य बी पुरतं ऐकलं न्हाई, मधीच हातावर छडी. आन आता अकरा डाव ऐकलं.” आणि सर्वांदेखत पाया पडला. तो थट्टा करीत असता तर बरे झाले असते.

ठराव एकमताने: वर्षभर आवाज म्हाळूचा. मीही हात वर केला. तो कितपत वर होता हे आठवत नाही.

१ एप्रिल, सोमवार, सकाळी ६.४०
नव्या आराखड्याचा पहिला निरोप. फोन मीच उचलला. गीताबाई धार काढत होती.

“राम राम. म्या म्हाळू. गाडी चार वाजता. तवर सभासदांनी कृपया प्रतीक्षा करावी. म्हंजी घरीच बसा.”

‘कृपया प्रतीक्षा करावी’ हे त्याने कोणाकडून पाठ करून घेतले, ठाऊक नाही. ‘क्ष’ स्पष्ट. उच्चार निर्दोष.

गीताबाईने गोठ्यातून विचारले, गाडी कधी येनार? मी म्हणालो, नीट ऐकू आले नाही.

एक दाबले. बारावी वेळ.