रेघेवरची बुरशी

मी खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, अविवाहित, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने आणि माझ्याच हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी नुसती उदार झाले होते, खरे काहीच लिहिले नव्हते.

कलम १. बँकेतील ठेव माझ्या पुतण्याला द्यावी. अट एकच, हा कागद त्याने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, आईसमोर बसून, मोठ्याने वाचावा. फोनवर चालणार नाही.

कलम २. माझा मायक्रोस्कोप कोपऱ्यावरच्या शाळेला द्यावा. वरच्या मजल्यावरील गृहस्थांना काहीही देऊ नये. सोळा वर्षे त्यांच्या मोरीचे पाणी माझ्या ओट्यावर गळते आहे, तेवढी देवाणघेवाण पुरे.

कलम ३. 'उत्कृष्ट तंत्रज्ञ' म्हणून मिळालेली पितळी ढाल भंगारात घालावी. कारण सांगते.

आमच्या कामात रुग्णाचा पू प्लेटवर तारेने रेघा ओढून लावतात आणि प्लेट उबेत ठेवतात. रेघेवर उगवले ते रुग्णाचे. रेघेबाहेर उगवले ते हवेतले, म्हणजे तंत्रज्ञाच्या गलथानपणाचे. माझ्या प्लेटवर हवेतले कधी उगवत नसे. टेबल मी दिवसातून चार वेळा पुसायची. पाठीमागे मला फिनेलबाई म्हणत आणि मला ते आवडे.

माझा दादा सुतार होता. ओल खाल्लेले जुने लाकूड तासून त्यातून नवे कपाट उभे करण्यात त्याचा हातखंडा होता. त्याचे डोके दुखू लागले, मग डावा हात लुळा पडला. मेंदूत गळू निघाले आणि त्यातला पू माझ्या टेबलावर आला. सहाव्या दिवशी प्लेटवर काळपट, मखमली ठिपका दिसला. मेंदूच्या पुवात काळी बुरशी मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. वाटले, आपल्याच हातून हवा लागली. ढाल मिळून महिनाही झाला नव्हता. लोक हसतील म्हणून मी प्लेट नष्ट करायच्या डब्यात टाकली आणि अहवालावर लिहिले, 'बुरशीची वाढ नाही'.

ठिपका बरोबर रेघेवर होता. ते मी पाहिले होते.

एकोणीस दिवस डॉक्टर त्याला दुसऱ्याच जंतूंवरची औषधे देत राहिले. पुन्हा पू काढला तेव्हा मी रजेवर होते. दुसऱ्या तंत्रज्ञाच्या प्लेटवर तीच बुरशी उगवली. तोवर ती फुप्फुसातही सापडली. बुरशीचे औषध सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी दादा गेला. डॉक्टर म्हणाले, ही फार दुर्मिळ बुरशी, वेळेवर औषध देऊनही निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात. त्या वाक्याआड मी बारा वर्षे लपले आहे.

त्याहून लाजेची गोष्ट पुढेच आहे. वॉर्डच्या दारात, सगळ्या नातेवाइकांदेखत मी वहिनींना म्हणाले, "तीन आठवडे नुसता बाम चोळत बसलात. तुमच्या त्या बामानं माझा भाऊ घालवला." लोकांनी त्यांचे नाव 'बामवाली' पाडले. पुतण्याने घर सोडले आणि आजही तो आईशी कामापुरतेच बोलतो. मी सगळे पाहत होते आणि तोंडातून ब्र काढला नाही.

कलम ४. दादाचे रंधे, पटाश्या आणि करवती वहिनी विकून टाकतील, असे म्हणून मी उचलून आणल्या होत्या. त्या मी देत नाही, परत करते.

कलम ५. राहते घर वहिनींना द्यावे.

इथवर लिहिले आणि लक्षात आले की मेल्यावर कबुली देणाऱ्या बाईला कोणी तोंडावर काही बोलू शकत नाही. म्हणूनच मला हा मार्ग सुचला असणार. त्याचीही लाज वाटली. मग आज दुपारी वहिनींना घरी बोलावले आणि वकील व खालच्या मजल्यावरचे शिंपी यांच्यासमोर हा कागद वाचून दाखवला.

वाचून संपले. वहिनी म्हणाल्या, "रेघेवरच होता ना?"

"हो."

"आणि तरी तुम्ही मला बोललात."

"हो."

त्यांनी वकिलांकडे पाहिले. "साक्षीदार किती लागतात?"

"दोन."

"मग एक मी."

वकिलांनी समजावले की साक्षीदार म्हणून सही केली तर घर मिळणार नाही.

"घर राहू दे. घर घेतलं तर लोक म्हणतील, बामवालीनं म्हातारीकडून लिहून घेतलं. माझ्या पोराला हे खरं वाटलं पाहिजे. पेन द्या इकडे."

सबब कलम ५ रद्द. घर रुग्णालयाला द्यावे. वहिनींनी मला माफ केलेले नाही, आणि मी तसे विचारलेही नाही.

स्थळ: माझे स्वयंपाकघर. दिनांक: ३ मार्च २०२५.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: शिंपी, खालचा मजला. (सही)

साक्षीदार २: भावजय. (सही) सहीखाली त्यांच्याच अक्षरात:
'सगळं ऐकलं. बाम मी तीन दिवस चोळला, तीन आठवडे नाही. चौथ्या दिवशी ह्यांना दवाखान्यात नेलं होतं. मला कुणी विचारलंच नाही.'