सोमवार ते शुक्रवारचं घर

९ फेब्रुवारी

ताई,

तुला नमस्कार, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा, कारण हल्ली तो तुझ्यापेक्षा जास्त रुसतो असं तूच लिहिलंयस.

पत्र पोचलं. फोनवर माझं निम्मं बोलणं तुला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनाने भरतेस, त्यापेक्षा हे पत्रांचं बरं. कानाचं यंत्र डबीत ठेवून ऐकू येत नसतं गं. भाच्याने सांगून झालं, मी सांगून झालं. जाऊ दे.

मी मजेत आहे. लॅबमध्ये काम भरपूर. लोक म्हातारे व्हायचं थांबत नाहीत, त्यामुळे कवळ्यांच्या धंद्याला मरण नाही, असं आमचे शेठ म्हणतात. परवा एका आजोबांची कवळी माझ्याकडे आली. त्यांनी डॉक्टरांना बजावून सांगितलं होतं की पुढच्या दोन दातांमध्ये फट होती ती तशीच ठेवायची. बायको त्या फटीवरून चिडवायची म्हणे. बायको आता नाही. मी मेणात दात बसवताना सारखी अडखळत होते. जन्मभर फटी बुजवल्या, मुद्दाम ठेवायची म्हटल्यावर हात वळेना. शेवटी जमली. आजोबा आरशात बघून हसले आणि लगेच तोंड मिटून घेतलं, असं डॉक्टर सांगत होते.

घर छान आहे. सकाळी खिडकी उघडली की समोर पाणीच पाणी. जहाजं इतकी सावकाश जातात की चहा संपतो पण जहाज खिडकीतून संपत नाही. आपण दोघी लहानपणी ज्या खोलीत झोपायचो तिच्या खिडकीतून काय दिसायचं आठवतंय? शेजारच्यांची भिंत आणि तिच्यावरचा पाइप. मी तेव्हाच ठरवलं होतं की एकदा तरी पाण्यासमोर राहायचं. तू म्हणतेस दुरून डोंगर साजरे. ते डोंगरांचं झालं. समुद्र जवळूनही साजराच असतो.

खालच्या मजल्यावरचे कप्तान तुला आवडतील. आयुष्यभर बँकेत होते, होडीतसुद्धा बसलेले नाहीत, पण टोपी घालून रोज जहाजांची नावं वाचत बसतात, म्हणून सगळे कप्तान म्हणतात. आल्यागेल्याशी बोलतात.

तू महिनाभर येऊ का विचारलंस. ये की. पण सध्या नको. जिना चौथ्या मजल्यापर्यंत आहे, लिफ्ट नाही, आणि तुझा गुडघा हा असा. शिवाय या दिवसांत इथे दमट असतं, सगळ्या भिंतींना घाम येतो. जरा हवा बदलू दे.

रविवारी फोन उचलला नाही म्हणून रागावू नकोस. शनिवार-रविवार लॅबमध्ये जास्तीचं काम असतं आणि मशिनच्या आवाजात फोन कळत नाही.

औषधं वेळेवर घे. भावोजींच्या फोटोसमोर बसून जेवतेस असं भाचा म्हणाला. बस, पण जेव.

तुझी,
धाकटी


२१ एप्रिल

ताई,

नमस्कार. तुझं पत्र लहान होतं, त्यावरूनच कळलं की तू चिडली आहेस. तू चिडलीस की तुझं अक्षर सुधारतं.

‘तुला मी नको असेन तर सरळ सांग, जिन्याला मध्ये आणू नकोस,’ असं लिहिलंस. असं का लिहितेस? तू मला कधी नको होतीस?

खरं सांगायचं तर सध्या डोक्याला ताप आहे. मालकीणबाईंनी भाडं वाढवायचं म्हटलंय. थोडंथोडकं नाही. वर म्हणतात, ‘या खिडकीसाठी लोक रांग लावतील.’ लावतीलही. या रस्त्यावरची जुनी माणसं एकेक करून निघून गेली. न्हावी गेला, चपला शिवणारा गेला, कोपऱ्यावर कपडे शिवणाऱ्या बाई गेल्या. आता तिथे सुंदर दिवे लावलेली दुकानं आहेत आणि आत काय विकतात ते मला अजून कळलेलं नाही. विचारायला आत जायची हिंमत होत नाही.

तू म्हणशील, सोड आणि ये इकडे, माडी रिकामी आहे. म्हणू नकोस. म्हणजे म्हण, पण एवढ्यात म्हणू नकोस.

मी एकटी आहे असं समजू नकोस. लॅबमधल्या बायका एकमेकींकडे जातात, मलाही बोलावतात. एकदा गेले की त्यांना आपल्याकडे बोलवावं लागतं, म्हणून मी जात नाही. कप्तान आहेत. रोज ‘काय म्हणताय?’ असं विचारतात आणि उत्तर यायच्या आत जहाजाकडे बघतात. तेवढं पुरतं माणसाला.

मे महिन्यात येऊ नकोस, फार गर्दी असते. नंतर बघू.

धाकटी


१७ जून

ताई,

नमस्कार लिहितेय, पण तू तो घेशील की नाही माहीत नाही. फोन उचलत नाहीस. भाच्याला केला तर तो म्हणाला, ‘आई पोचली सुखरूप, दमलीय.’ एवढंच.

तू आली होतीस, ते मला सोमवारी सकाळी घरी परतले तेव्हा कळलं.

काय झालं ते मी दोघांकडून ऐकलं. एक, माझ्या घरात त्या दिवशी असलेली बाई. दुसरे, कप्तान. बाई म्हणाली, ‘एक वयस्क बाई आल्या होत्या, हातात मोठी बॅग होती. जिना चढून धापा टाकत होत्या. मी म्हटलं, इथे कोणी राहत नाही, ही जागा दोन दिवसांसाठी भाड्याने मिळते, आम्ही पाहुणे आहोत. त्यांना ऐकू येईना, मग मोठ्याने सांगितलं. पाणी घ्या म्हटलं, तर नको म्हणाल्या. दारातूनच आत बघत होत्या. म्हणाल्या, समुद्र दिसतो खरा.’

ताई, तू असं म्हणालीस?

मग तू खाली उतरलीस आणि कप्तानांनी तुला त्यांच्या बाकावर बसवलं. त्यांनी सगळं कौतुकाने सांगितलं मला, त्यांना बिचाऱ्यांना काय कल्पना! ‘मी म्हटलं, चौथ्या मजल्यावरच्या बाई ना? त्या सोमवारी भेटतील. शनिवार-रविवार त्या बहिणीकडे जातात.’ तू विचारलंस, ‘कोणत्या बहिणीकडे?’ ते म्हणाले, ‘थोरल्या. फार जीव आहे म्हणे दोघींचा एकमेकींवर. दर आठवड्याला जातात.’

तू बॅग उचललीस आणि स्टेशनचा रस्ता विचारलास.

त्या वेळी मी कुठे होते ते सांगते. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होते. लॅबच्या मागच्या खोलीत एक कोच आहे, शेठ दुपारी आडवे होतात त्यावर. मी त्या कोचावर पडून होते. जास्तीचं काम वगैरे काही नसतं. त्या खोलीत प्लास्टरचे साचे वाळत ठेवतात. शेल्फवर ओळीने जबडे, सगळे आ वासलेले, आणि एकही बोलत नाही. माझे शनिवार-रविवार असे जातात. जवळजवळ दोन वर्षं.

सुरुवात एकदाच म्हणून झाली. भाडं पहिल्यांदा वाढलं तेव्हा मालकीणबाईच म्हणाल्या की गर्दीच्या दिवसांत दोन दिवस जागा पाहुण्यांना द्या, तुमचं तुम्हाला सुटेल. दिली. सुटलं. मग पुढच्या आठवड्यात दिली. शुक्रवारी कामावरून आले की चादरी बदलायच्या, माझे कपडे, आईबाबांचा फोटो, भांडी, सगळं एका कपाटात कोंबून कुलूप लावायचं. आरशावरचा डागसुद्धा पुसायचा. घर असं करायचं की इथे कोणी राहत नाही असं वाटलं पाहिजे. मला ते इतकं चांगलं जमायला लागलं की सोमवारी परत आल्यावर मलाही तसंच वाटायचं.

तू म्हणतेस अंथरूण पाहून पाय पसरावे. मी अंथरूणच भाड्याने दिलं.

कप्तानांना खोटं का सांगितलं, ते ऐक. त्यांनी पहिल्या शनिवारी मला पिशवी घेऊन उतरताना पाहिलं आणि विचारलं, ‘कुठे निघालात?’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘ताईकडे.’ दुसरं कुठलं ठिकाण मला सुचलंच नाही. मग दर शनिवारी ते म्हणायचे, ‘ताईंना आमचा नमस्कार सांगा,’ आणि मी म्हणायचे, ‘सांगते.’ रस्त्याने जाताना क्षणभर खरंच वाटायचं की मी तुझ्याकडेच निघाले आहे. तू दारात उभी असशील आणि म्हणशील, किती वाळलीस. कोपऱ्यावर वळलं की लॅबचं शटर दिसायचं.

आणि खऱ्या ताईला मी येऊ देत नव्हते, कारण तू महिनाभर आलीस तर चार शनिवार मी तुला कुठे ठेवणार होते?

शेठना माहीत होतं, असं मला वाटतं. कधी बोलले नाहीत. पण थंडीत एका शनिवारी कोचावर घडी घातलेलं ब्लँकेट होतं. मी सोमवारी तशीच घडी घालून ठेवलं.

तू विचारशील, एवढं कशासाठी? खिडकीसाठी? हो, खिडकीसाठीच. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, गाव सोडलं. सगळे विचारायचे, काय मिळवलंस तिथे जाऊन? मी म्हणायचे, समुद्रासमोर राहते. एवढं एकच उत्तर होतं माझ्याकडे आणि ऐकणारा गप्प बसायचा. ते उत्तर सोडायची मला भीती वाटत होती. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ना, तसं झालं. घर होतं तर त्यात बोलवायला माणूस नव्हतं, आणि जे एक माणूस आपण होऊन आलं, त्याला परक्या बाईने दारातून परत पाठवलं.

मालकीणबाईंना मी काल सांगितलं की जागा सोडते. त्यांनी एकदाही ‘राहा’ म्हटलं नाही. चावी कधी देणार एवढंच विचारलं.

तुझ्याकडे माडीवर नाही येणार, ताई. राग नको मानूस. मला माझं काम आवडतं, आणि तिथे कवळ्यांचं काम नाही. दुसरं म्हणजे ते घर तुझं आणि भावोजींचं. मी तिथे पाहुणीच राहीन. पाहुणे कसे राहतात ते मी दर सोमवारी बघितलंय. जाताना उशी नीट ठेवतात आणि मागे काही उरत नाही.

एकदा फोन उचल. बोलू नकोस हवं तर.

धाकटी


३ ऑगस्ट

ताई,

नमस्कार. उत्तर नाही आलं, तरी लिहिते आहे. भाचा म्हणाला, ‘मावशी, तुझी पत्रं आई वाचते. दोनदा वाचते. लिहायचं नाव काढलं की उठून जाते.’ म्हणजे वाचतेस. बरं वाटलं.

टेकडीच्या मागे, बसच्या शेवटच्या थांब्याजवळ दोन खोल्या घेतल्या आहेत. तळमजला. समोर बस धुण्याची जागा आहे. पहाटेपासून पाइपचं पाणी आणि ड्रायव्हर लोकांची थट्टामस्करी चालते. डिझेलचा वास येतो, खिडकी लावून घेतली तरी येतो. पाणी दिसतं म्हणायचं तर तेवढंच, बसवरून ओघळणारं.

समुद्राची आठवण येते. खोटं कशाला बोलू आता? सकाळची बस वळणावर आली की दोन मिनिटं सगळा समुद्र दिसतो. बाकीचे त्या बाजूला बघतात आणि मी पायांकडे. एवढ्या लवकर नाही जमत.

पहिला शनिवार विचित्र गेला. सकाळी उठले आणि पिशवी भरायला घेतली. मग आठवलं. कुठे जायचं नव्हतं. धुतलेले कपडे पुन्हा धुतले. जेवून झोपले आणि उन्हं उतरल्यावर दचकून जागी झाले, वाटलं कोणाची तरी यायची वेळ झाली, आवरायला हवं. कोणी येणार नव्हतं. मी पलंगावर तशीच बसून राहिले. चादर चुरगळलेली होती, मी ती नीट केली नाही. आईबाबांचा फोटो भिंतीवर लावला, थोडा तिरका लागलाय. बरोबर करायला अजून खिळा काढलेला नाही.

लॅबमधल्या दोघी रविवारी येऊ का विचारत होत्या. मी हो म्हटलं. घरात दोनच कप आहेत, ते लक्षात आल्यावर घाम फुटला. तिसरा आणला. चौथाही आणला.

कप्तानांचा निरोप घ्यायला गेले तेव्हा ते म्हणाले, ‘आता काय, ताईंकडेच राहायला चाललात वाटतं?’ मी त्यांच्या बाकावर बसले आणि त्यांना खरं सांगितलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, ‘मग माझे एवढे नमस्कार गेले कुठे?’ मला हसू आलं आणि मग रडू आलं. ते सगळे तुझेच आहेत, ताई. दोन वर्षांचे साठलेले. पत्रातून नाही पाठवता येणार इतके.

तुझा राग जायला वेळ लागेल, मला माहीत आहे. तू लहानपणी माझ्याशी एक अख्खी सुट्टी बोलली नव्हतीस, आणि तेव्हा तर फक्त रिबीन हरवली होती. जेव्हा यावंसं वाटेल तेव्हा ये. आधी कळवू नकोस, वारही बघू नकोस. मी कामावर असले तर संध्याकाळी येईन, बसवाल्यांना सांगून ठेवलंय, ते तुला सावलीत बसवतील. घरी असले तर दार वाजव.

उघडणारी मीच असेन.

तुझी एकुलती एक बहीण